फरशीखालची पावलं

लोद हे इस्रायलमधलं तेल अवीवजवळचं गाव. १९९६ साली तिथे रस्ता रुंद करताना जमिनीखाली एक रोमन फरशी लागली. साधारण इसवी सन ३०० च्या आसपासची, आणि बरीचशी शाबूत. तिची नीट निगा राखायला पैसे उभे राहीपर्यंत ती पुन्हा मातीखाली झाकून ठेवली गेली, आणि २००९ मध्ये ती उचलायचं ठरलं. फरशीवर सिंह आहेत, हत्ती, गेंडा, जिराफ आहेत, मासे आहेत, शिडांची जहाजं आहेत. माणूस मात्र एकही नाही. वरचा दगडी तुकड्यांचा थर सुटा करून उचलला तेव्हा खालचा चुन्याचा थर उघडा झाला, आणि त्या चुन्यात पावलं उमटलेली दिसली. काही अनवाणी, काही चपलांची, लहानमोठ्या मापांची. शिवाय चित्राच्या आखणीच्या रेषा. ज्या चित्रात एकही माणूस काढलेला नाही, त्याच्या पोटाशी सतराशे वर्षं माणसांचे पाय होते.

ही गोष्ट वाचल्यापासून मनातून हलत नाही. मोझॅक म्हटलं की आपण चित्र बघतो. पुस्तकात फोटो असतो तो समोरून, चौकटीत बसवलेला. संग्रहालयात तर मोझॅक भिंतीवर उभंच केलेलं असतं. पण रोमन लोकांनी ज्या हजारो खोल्यांमध्ये हे काम करवून घेतलं, तिथे ते पायाखाली होतं. त्यावर पाणी सांडायचं, तेल सांडायचं, पलंग सरकायचे, नोकर वाकून ते पुसायचे. कलेच्या इतिहासात मोझॅकला चित्रकलेची धाकटी बहीण म्हणून जागा दिली जाते आणि तिथेच घोळ होतो. तिचं खरं नातं गवंडीकामाशी आहे. आणि गवंडीकाम समजून घ्यायचं तर सुरुवात खालून करावी लागते.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात वास्तुशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हिअसने आपल्या सातव्या खंडाची सुरुवातच फरशीपासून केली आहे, आणि त्या प्रकरणात चित्राबद्दल जवळजवळ काही नाही. आहे ते सगळं कोब्याबद्दल. आधी जमीन सगळीकडे सारखी घट्ट आहे का ते बघा, नसेल तर भर घालून चोपा. मग मुठीपेक्षा लहान नाहीत अशा दगडांचा थर पसरा. त्यावर खडी आणि चुना: खडी नवी असेल तर तीन भागांना एक भाग चुना, जुन्या पाडकामातली असेल तर पाचाला दोन. जुन्या खडीला चुना जास्त का, हे तो सांगत नाही. पण जुनी खडी भुसभुशीत असते, तिच्यात धूळ जास्त असते, हे कोणत्याही गवंड्याला ठाऊक असतं. हा थर लाकडी धुम्मसांनी ठोकायचा, दहा-दहा माणसांच्या टोळ्या लावून, आणि ठोकून झाल्यावर त्याची जाडी पाऊण फुटापेक्षा कमी भरता कामा नये. म्हणजे आजच्या मापाने सुमारे बावीस सेंटीमीटर. त्याच्यावर विटा-खापरांचा चुरा तीन भाग आणि चुना एक भाग, जाडी निदान सहा बोटं, म्हणजे अकरा सेंटीमीटरच्या आसपास. मग पाणसळीत आणि पट्टीने तपासत वरची फरशी. सगळी बेरीज केली तर डोळ्यांना दिसणाऱ्या एक सेंटीमीटर चित्राखाली दीड फुटाच्या आसपास पोट भरलेलं आहे.

खापरांच्या चुऱ्याचा तो थर मराठी वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. चुना आणि सुरखी. आपल्या वाड्यांच्या भिंती, विहिरी, हौद ज्या मिश्रणावर उभे राहिले तेच हे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि हे काम पृष्ठभागाकडून आत, फार सावकाश चालतं. जाड थराच्या पोटात हवा पोचतच नाही. भाजलेल्या मातीचा बारीक चुरा घातला की चुन्याची त्या चुऱ्याशीच रासायनिक गाठ पडते आणि थर ओलसर जागेतही आतून आवळत जातो. म्हणून न्हाणीघरं, पाण्याची टाकी, कारंज्यांचे हौद, जिथे जिथे ओल तिथे तिथे रोमन गवंड्यांनी गुलाबीसर चुना वापरला. उत्खननात फरशीच्या कापावर तो गुलाबी पट्टा लांबूनही ओळखू येतो.

व्हिट्रुव्हिअसचं मला सगळ्यात आवडतं ते हे की, त्याला भेगांची काळजी आहे. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर फरशी टाकायची असेल तर तो दोन गोष्टींबद्दल बजावतो. एक, खालची एखादी आडभिंत थेट फरशीच्या बुडाला टेकू देऊ नका. लाकूड वाळून, वाकून थोडं खाली बसतं; भिंत बसत नाही; मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फरशीत सरळ भेगा जातात. दोन, फळ्या एकाच जातीच्या लाकडाच्या घ्या, ओकच्या फळ्या दुसऱ्यांत मिसळू नका, कारण ओक ओल शोषून पिळवटतो आणि फरशी फाडतो. फळ्या आणि चुना यांच्यामध्ये नेच्याची पानं किंवा पेंढा पसरा, म्हणजे चुना लाकूड खाणार नाही. उघड्यावरच्या गच्चीसाठी उतार दहा फुटांना दोन बोटं, म्हणजे साधारण ऐंशीला एक. आपल्या गच्चीवर चायना मोझॅक करणारा कारागीर शंभराला एक धरतो, त्याच्या आसपासचंच गणित. रोमन गच्चीत मधे दोन फुटी कौलांचा एक थर असायचा, त्यांच्या कडांना बोटभर खाचा, त्या खाचांत तेलात मळलेला चुना. आणि दर वर्षी थंडीच्या आधी तेलघाण्यातल्या गाळाने फरशी माखायची, म्हणजे पाणी गोठून ती फुटणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची गच्चीची वॉटरप्रूफिंग, पावसाळ्याआधी डांबर-रसायनं घेऊन वर चढणाऱ्या माणसाला लगेच पटेल अशी.

हे सगळं पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात जिथे जिथे फरशा कापून बघितल्या, तिथे इतके जाड थर क्वचितच सापडले. ब्रिटनमध्ये, उत्तर आफ्रिकेत कित्येक फरशा पातळ कोब्यावर बसलेल्या आहेत. खालची जमीन खडकाळ असेल तर दगडांचा थर वगळलेलाच. काही त्या पातळ थरावरही टिकल्या. काही बसल्या, लाटेसारख्या झाल्या. धुम्मस कमी पडलं की खडीत पोकळ्या राहतात, वरचं वजन त्यांत हळूहळू उतरतं, आणि थर एकमेकांपासून सुटतात. आजही संवर्धनाचं काम करणारी माणसं अशा फरशीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत फिरतात आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खूण करतात. आपण टाइल बसवून घेताना हेच करतो. कान तोच.

मूळ बघायला गेलं तर या कलेचा जन्म चित्रातून नव्हे, चिखलातून झाला. पाय रुतू नयेत म्हणून नदीतले गोटे जमिनीत बसवायचे, ही त्याची सुरुवात. आजच्या तुर्कस्तानातल्या गॉर्डियनला इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली गोट्यांची नक्षीदार फरशी सापडली आहे. ग्रीसमधल्या ओलिंथसला गोट्यांच्या फरशीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीला मॅसेडोनियातल्या पेला शहरात ही कला तिच्या टोकाला पोचली. तिथल्या हरणाच्या शिकारीच्या फरशीवर ‘ग्नोसिसने केलं’ अशी सही आहे. पण गोटा हट्टी असतो. त्याला गोलाई असते, दोन गोट्यांमध्ये फट राहते, बारीक रेघ त्याच्याने येत नाही. पेलाच्या कारागिरांनी नाकाची, केसांच्या बटांची रेघ काढायला भाजक्या मातीच्या आणि शिशाच्या पट्ट्या उभ्या बसवल्या. तो उपाय बघितला की कळतं, गोट्याची हद्द संपली होती. पुढची पायरी दगड फोडून चौकोनी करणं हीच होती. सिसिलीतल्या मॉर्गान्तिनाला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या फरशीत हा बदल होताना दिसतो.

ही ग्रीक गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ट्युनिशियाच्या टोकावर केर्कुआन नावाचं कार्थेजी लोकांचं गाव आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर उजाड झालेलं. तिथल्या साध्यासुध्या घरांत लालसर चुना-खापराचा कोबा आहे आणि त्यात पांढरे दगडी तुकडे पेरलेले आहेत. एका उंबऱ्याशी त्याच तुकड्यांनी तानित देवीची खूण काढली आहे: एक त्रिकोण, एक आडवी रेघ, वर वाटोळं डोकं. उंबऱ्यावर देवतेची खूण आणि आत साधी जमीन. आपल्या दारातल्या रांगोळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. रोमन लोकांनी ग्रीकांकडून चित्र घेतलं हे खरं, पण घरोघरी परवडणारी फरशी त्यांना मिळाली ती या कोब्याच्या घराण्यातून. आणि माझ्या मते रोमन मोझॅकचा खरा पराक्रम दिपवणाऱ्या चार चित्रांत नाही. ब्रिटनपासून सीरियापर्यंत, मधल्या दर्जाच्या गावातल्या मधल्या दर्जाच्या घरात पायाखाली काहीतरी रेखीव असायला हवं, ही अपेक्षा सर्वसाधारण झाली यात तो आहे.

तुकड्याला लॅटिनमध्ये ‘तेसेरा’ म्हणत, आणि सोंगट्यांच्या खेळातल्या फाशालाही तोच शब्द. मी इथे फासाच म्हणते. आकार लगेच डोळ्यांसमोर येतो. फासे पाडायची रीत सोपी दिसते आणि हाताला फार जड जाते. लाकडाच्या ओंडक्यात छिन्नीसारखं पातं धार वर करून उभं रोवायचं. दगडाची कांडी त्या धारेवर नेमकी टेकवायची आणि वरून दोन्ही टोकांना धार असलेल्या हातोडीने मारायचं. खालची धार आणि वरचा घाव एका रेषेत आले तर दगड सरळ फुटतो. केसभर चुकलं की तिरका फुटतो आणि पाचर हातात येते. इटलीत मोझॅकचं शिक्षण आजही याच दोन अवजारांपासून सुरू होतं. रोमजवळच्या ओस्तिया या जुन्या बंदरात सापडलेल्या एका उठावशिल्पात बसून दगड फोडणारी माणसं आणि मागे पोती वाहणारी माणसं कोरलेली आहेत. एक सेंटीमीटरचे फासे धरले तर एक चौरस मीटरला फटी वगळून दहा हजार लागतात. चार मिलिमीटरचे धरले तर साठ हजारांवर. म्हणजे बोटाच्या पेरावरून नखाच्या अर्ध्यावर आलात की काम सहापट होतं.

म्हणूनच बारीक काम सगळ्या खोलीभर होत नसे. ते ‘एम्ब्लेमा’ म्हणून कारखान्यात, भाजक्या मातीच्या किंवा दगडाच्या तबकात, बसून, आरामात व्हायचं, आणि तयार तबक आणून फरशीच्या मध्यावर ठेवलेल्या खळग्यात बसवलं जायचं. ज्युलिअस सीझर मोहिमेवर फरशीचे असे तुकडे बरोबर नेत असे, असं त्याचा रोमन चरित्रकार स्युटोनिअसने नोंदवलं आहे. तबकाभोवतीची फरशी मात्र जागेवर, गुडघ्यांवर बसून. खिळे ठोकून, सुतळ्या ताणून आखणी. कोब्यावर ओरखडे किंवा रंगाच्या रेषा. मग वरचा मऊ चुना, एका बैठकीत फासे बसवून होतील इतकाच. जास्त पसरला तर कडक होतो आणि खरवडून काढावा लागतो.

कारागिराचा हात ओळखायचा असेल तर मुख्य आकृतीकडे बघू नये, तिच्या भोवतालच्या पांढऱ्या भागाकडे बघावं. माशाच्या पाठीची बाह्यरेषा बसवून झाली की चांगला कारागीर त्या रेषेला चिकटून पांढऱ्या फाशांच्या दोन-तीन ओळी तशाच वळणाने नेतो. मासा पाण्यात हलल्यासारखा वाटतो तो या ओळींमुळे. त्यानंतरच तो उरलेला पांढरा भाग सरळ ओळींनी भरायला घेतो. जिथे ही वळणदार ओळ नाही, तिथे आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. दुसरी खूण खोलीच्या कडेला असते. खोल्या कधीच काटकोनात नसतात. एक भिंत हातभर तिरकी निघतेच. नक्षी तर काटकोनात हवी. म्हणून भिंतीला लागून एकरंगी, मोठ्या, ओबडधोबड फाशांचा पट्टा ठेवतात आणि सगळी तिरपाई त्या पट्ट्यात जिरवतात. आपल्याकडे फरशी बसवणारे कापलेल्या टाइल्स पलंगाखालच्या बाजूला टाकतात, तसंच. वेणीसारखी गुंफण किनारीला असेल तर कोपऱ्यात पदर जुळायला हवेत. मोजणी आधी केली नसेल तर कोपऱ्यात एक पेड आखूड होतो किंवा फुगतो. भल्या भल्या फरशांत असा एक तरी कोपरा सापडतो.

बसवून झाल्यावर घासाई. वर आलेली एकही धार पायाला लागता कामा नये, असं व्हिट्रुव्हिअस सांगतो. मग चाळलेली संगमरवराची भुकटी आणि वरून चुना-वाळूचा हात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत ज्यांना आपण मोझॅक टाइल्स म्हणतो, त्यांचीही हीच कहाणी होती. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा, जागेवर बसवल्यावर मशीनने जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासाई, दुधासारखं पाणी घरभर, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात. नक्षी नाही, चित्र नाही, तरी नाव तेच राहिलं, आणि कामाची शेवटची पायरीही तीच राहिली. आज त्या टाइल्स फोडून वर व्हिट्रिफाइड बसवतात. गुळगुळीत, पण पावलाला जुन्या टाइलसारखी ती थंड, किंचित खरखरीत ओळख देत नाहीत.

रंग जवळच्या डोंगरातून यायचे. ओस्तियात काळ्यापांढऱ्याचं राज्य आहे, कारण काळा ज्वालामुखी दगड आणि पांढरा चुनखडक मुबलक. पिवळा हवा तर आजच्या ट्युनिशियातल्या शेम्तूच्या खाणीतला संगमरवर. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे सरळ कौलाचा तुकडा. निळा आणि झगझगीत हिरवा दगडात सहसा मिळत नाही, तिथे काच. पण काच पायाखाली तडकते, म्हणून ती जपून, मोराच्या गळ्यापुरती, माशाच्या डोळ्यापुरती. तांब्यामुळे लाल झालेली काच जमिनीत राहून वरून हिरवी पडते. त्यामुळे कधी कधी उत्खननात हिरवा दिसणारा ओठ मुळात लाल असतो.

पैशांचा हिशोबही शिल्लक आहे. इसवी सन ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशनने मजुरीच्या कमाल दरांचं फर्मान काढलं. जेवण धरून रोजची मजुरी: शेतमजुराला २५ दिनार, फरशीवर फासे बसवणाऱ्याला ५०, चुना भाजणाऱ्यालाही ५०, ‘मुसेआरिउस’ला ६०, भिंती रंगवणाऱ्याला ७५, आणि आकृत्यांचं चित्र काढणाऱ्याला १५०. मुसेआरिउस म्हणजे भिंती-घुमटांवर मोझॅक करणारा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचं नाव म्यूझ, म्हणजे ग्रीकांच्या कलांच्या देवता, यांच्यावरून आलं. त्यांच्या नावाने कारंज्यांपाशी शंखशिंपल्यांनी मढवलेल्या कृत्रिम गुहा असत. आजचा ‘मोझॅक’ शब्द तिथून आला. म्हणजे भिंतीवाल्याचं नाव जगभर झालं आणि फरशीवाल्याचं गेलं. पण त्या यादीत मला वेगळीच गोष्ट भावते. चुना भाजणारा आणि फासे बसवणारा एकाच दराने. ज्याने कुणी हा दर लावला त्याला फरशी कशाने टिकते ते कळत होतं.

या फरशांचं महत्त्व कशात, याचं माझं उत्तर सरळ आहे: त्या सांगतात की माणूस कुठे उभा होता, कुठे बसला होता. जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना पलंग असत. तिथली फरशी साधी, भौमितिक, कारण ती पलंगाखाली जायची. मधला आणि दाराकडचा भाग चित्रांचा. आज खोलीत एक काडी उरली नसली तरी साधी फरशी इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली दिसली की पलंग कुठे होते ते कळतं, आणि चित्रांची तोंडं कुठे वळली आहेत त्यावरून ती आत येणाऱ्यासाठी होती की लवंडून जेवणाऱ्यासाठी, तेही. पाँपेईच्या एका दारात साखळीतला कुत्रा आणि ‘कुत्र्यापासून सावध’. ट्युनिशियातल्या स्मिराटला मॅगेरिउस नावाच्या श्रीमंताने तर पावतीच पसरली आहे. त्याने बिबट्यांशी झुंजीचा खेळ लावला. निवेदकाने झुंजणाऱ्या मंडळाच्या वतीने बिबट्यामागे पाचशे दिनार मागितले. चित्रात मधोमध माणूस तबक घेऊन उभा आहे, तबकात चार थैल्या, प्रत्येकीवर हजाराची खूण. शेजारी लोकांचा जयजयकार अक्षरशः फाशांनी लिहिलेला, आणि मेलेल्या बिबट्यांचीही नावं: व्हिक्टर, क्रिस्पिनुस, लक्सुरिउस, रोमानुस. खेळ एका दुपारी संपला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या दुपारवरून चालत जावं लागलं.

आणि एक उंदीर.

थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलं आहे की पर्गामॉनच्या सोसुसने एक ‘न झाडलेली खोली’ केली होती: मेजवानीनंतरची जमीन, त्यावर पडलेलं उष्टं. ती मूळ फरशी राहिली नाही. पण सम्राट हेड्रिअनच्या काळात हेराक्लितुस नावाच्या कारागिराने केलेली तशीच एक फरशी १८३३ मध्ये रोमला अ‍ॅव्हेन्टाइन टेकडीवर सापडली, आता ती व्हॅटिकनमध्ये आहे. पांढऱ्या जमिनीवर माशाचा काटा, कोंबडीचा पाय, खेकड्याची नांगी, द्राक्षांचा देठ, शिंपले. प्रत्येक वस्तूला सावली. सावल्या काळ्या नाहीत; करड्या-तपकिरी फाशांच्या, वस्तूपासून दूर जाताना फिक्या होत जाणाऱ्या. एका कोपऱ्यात उंदीर अक्रोडाला लागला आहे. त्याच्या पाठीवर फासे इतके बारीक आणि तिरपे आहेत की केस दिसतात. या फरशीचा अर्थ पायाखाली असतानाच लागतो. खरंच जेवण चाललं असताना, खरंच हाडं खाली पडत असताना, कोणतं खरं आणि कोणतं दगडाचं हे वाकून बघावं लागावं, यासाठी ती केली आहे. भिंतीवर टांगली तर उंदीर पडेल.

आपण मात्र टांगत आलो. पाँपेईतल्या ‘फॉनचं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यातली, अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईची फरशी १८३१ मध्ये सापडली, १८४३ मध्ये नेपल्सला नेली, आणि पुढे भिंतीवर उभी केली. पंधरा लाखांच्या आसपास फासे, जवळजवळ सहा मीटर बाय तीन मीटर. आडवं राहण्यासाठी बांधलेलं वजन उभं टांगलं, की ते खाली ओढतं. फुगवटे आले, फासे सुटले, आणि २०२० नंतर तिच्या दुरुस्तीचं मोठं काम हाती घ्यावं लागलं. त्याआधीच्या काळात तर आणखी वाईट घडलं. रोमजवळच्या पॅलेस्त्रिना गावातली नाईल नदीच्या चित्राची फरशी सतराव्या शतकात तुकडे करून रोमला नेली. परत आणताना वाटेत ती इतकी खिळखिळी झाली की पुन्हा जुळवताना तुकड्यांच्या जागा चुकल्या. सुदैवाने आधी काढलेली जलरंगातली चित्रं राहिली, म्हणून मूळ मांडणी थोडीफार कळते.

फासे उचलायची पद्धत अशी: वरून स्वच्छ करून कापड डिंकाने चिकटवायचं, सुकल्यावर खालून लांब पात्याने फासे आणि कोबा वेगळे करायचे, आणि कापडासकट तुकडे करून किंवा मोठ्या पिंपावर गुंडाळून न्यायचं. मग पालथं घालून पाठीचा जुना चुना खरवडायचा आणि नवी पाठ द्यायची. विसाव्या शतकात ही नवी पाठ सळया घातलेल्या सिमेंटची असे. १९३२ ते १९३९ दरम्यान, आज तुर्कस्तानात असलेल्या अँटिओकला निघालेल्या सुमारे तीनशे फरशांपैकी कितीतरी अशाच पाठीवर देशोदेशी गेल्या. सळई गंजते, गंज फुगतो, सिमेंट तडकतं, आणि त्याचे क्षार फाशांतून वर येतात. जिने वाचवायचं तीच पाठ फरशी फोडते. म्हणून आता हलक्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या धातूच्या पत्र्यांवर, चुन्याच्या थराने बसवतात. जागेवर ठेवलेल्यांचंही सोपं नाही. सिसिलीतल्या पियात्सा आर्मेरिनाला साडेतीन हजार चौरस मीटर मोझॅकवर गेल्या शतकाच्या मध्यावर पारदर्शक प्लास्टिकचं छत घातलं होतं. उन्हात आत भट्टी व्हायची, ओल वर ओढली जायची, शेवटी छतच बदलावं लागलं. तिथल्या शिकारीच्या लांब दालनाच्या एका टोकाला हत्ती-वाघांमध्ये बसलेली एक बाई आहे. काही अभ्यासक तिला भारत समजतात. आपल्याकडून तिकडे काय पोचत होतं, त्याची ती कल्पना असेल तर त्यावरही लोक चालतच होते.

उचलताना जे खरवडून टाकलं गेलं त्यात काय काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. शे-दोनशे वर्षं खालचा कोबा राडारोडा म्हणून फेकला गेला. त्यात आखणीच्या रेषा असतील, चुकून पुन्हा काढलेल्या रेषा असतील, दुरुस्तीचे थर असतील. फाशांच्या पाठीला चिकटलेल्या चुन्यातून कारागिरांनी कुठल्या बाजूने काम सुरू केलं, एका बैठकीत किती केलं, हे वाचता येतं. आज हे सगळं मोजतात, फोटो काढतात, साचे घेतात. लोदला पावलं दिसली ती यामुळेच. कुणीतरी चित्राची पाठ बघायला वाकलं म्हणून.

पावलांची दाटी बघून संवर्धकांनी अंदाज केला की चुना नीट बसावा म्हणून माणसांनी तो पायांनी दाबला असावा. व्हिट्रुव्हिअसच्या दहा जणांच्या टोळीला आणि धुम्मसांना इथे फाटा मिळाला असेल. या वरच्या थराला पाय पुरेसे होते. ताजा चुना अंगाला लागतो, कातडी कोरडी पडते, भेगाळते. अनवाणी माणसाने संध्याकाळी पाय पाण्यात धरले असतील. तेल असेल तर तेल लावलं असेल. चपलांचा माणूस कडेने गेला की मधून, हे ठशांच्या दिशेवरून सांगता येईल. थर दाबून झाला आहे, रेषा ओढलेल्या आहेत, आणि फाशांच्या टोपल्या अजून यायच्या आहेत.